हवेत राहिलेली तालीम

१

लिफ्टवाल्याच्या बायकोने आयुष्यभर जिना चढावा, यापेक्षा मोठा विनोद मला अजून जमलेला नाही. आणि विनोद हा माझा जोडधंदा आहे. शाळेने मला सातवीत सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटायचाय. पण तेव्हापासून हातात पाना आणि तोंडात चेष्टा घेऊन मी या शहरातल्या निम्म्या लिफ्ट दुरुस्त केल्या. मधेच अडकलेल्या वकिलाला वरच्या अंधारातून घोगऱ्या आवाजात "खरं बोललास तर दार उघडेल" असं सांगणारा माणूस मीच. त्याने काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. त्याची बायको अजून आहे.

आमची ही मात्र लिफ्टच्या दाराशी आली की पिशवी छातीशी धरायची आणि जिन्याकडे वळायची. "तुम्ही व्हा पुढे." मग मी वर जाऊन उभा आणि खालून तिच्या चपलांचा आवाज चढत यायचा. संसार असाच झाला. मी पोहोचलेला, ती येतेय.

अशा बाईला आमच्या लेकीने लग्नाच्या वाढदिवसाला काय द्यावं? हेलिकॉप्टरची सैर. शहरावरून एक फेरी, दोघांना.

"बाबा, आईला तयार करायचं काम तुमचं," लेक फोनवर म्हणाली. "आणि चेष्टा नको."

"मग मी बोलू काय?"

"मी लहान असताना आई एकदा म्हणाली होती, आपलं घर वरून कसं दिसत असेल. माझ्या लक्षात राहिलंय."

इतकी वर्षं तिच्या शेजारी झोपतो मी. मला कधी म्हणाली नाही. म्हणाली असेल, तर तेव्हा मी बहुतेक विनोद सांगत असेन.

कंपनीच्या सूचना मोबाइलवर आल्या. गळ्यात काही सैल नको, टोपी नको, सपाट तळाचे बूट घाला, वजन खरं सांगा.

"खरं सांगा म्हणजे?" ही चष्म्यावरून बघत म्हणाली. "खोटं सांगतं का कुणी?"

"बायका सांगतात."

"मग तुम्हीच सांगा माझं. मी नाही येणार, तेव्हा काय फरक पडतोय."

२

भीती घालवायची माझी एक पद्धत आहे. नव्या पोराला लिफ्टच्या भुयारात, म्हणजे ती वरखाली करते त्या उभ्या पोकळीत, पहिल्यांदा उतरवायचं तर आधी रिकाम्या खोलीत खडूने चौकट आखायची आणि त्याला तिच्यात उभं करायचं. खरी जागा मग ओळखीची वाटते.

मी बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. पुढे दोन, मागे तीन. पुढच्या एका खुर्चीत पायलट म्हणून उशी बसवली आणि तिला माझा जुना गॉगल लावला. मागच्या खुर्च्यांना माझ्या पॅन्टचे पट्टे बांधले. पंख्याची घरघर हवी म्हणून स्वयंपाकघरात रिकामा मिक्सर सुरू केला.

"जळेल तो," ही म्हणाली.

"पायलटसमोर असं बोलू नये."

ती हसली आणि तिथेच फसली. मी तिला खिडकीकडच्या खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला, शेजारी बसून तिचा हात धरला. डोळे मिटायला सांगितले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. वर अंधारात गेलेल्या माणसाला खालच्याने हाक मारायची, "आलास?" वरच्याने उत्तर द्यायचं, "आलो." हे उत्तर येईपर्यंत कुणी लिफ्ट चालवायच्या कळीला हात लावायचा नाही. घाईत हात लावणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही एकमेकांना सांगत नाही. हीच रीत मी तिला शिकवली. वर नेताना मी हाक मारणार, ती उत्तर देणार. खाली उतरवतानाही तसंच.

"सुटलो," मी म्हणालो. "झाडं खाली गेली. तळमजल्यावरच्या मास्तरांचं टक्कल दिसतंय. आलीस?"

"आले," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण आला.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. गॅसवाला. दार नुसतं लोटलेलं, ते ढकलून तो दारात उभा, आत मिक्सर बोंबलतोय, आणि दोन म्हातारी पट्ट्यांनी खुर्च्यांना बांधलेली. त्याने सिलिंडर ठेवला आणि मागे न बघता गेला. त्याच्या पाठीकडे बघून आम्ही इतके हसलो की ही डोळे पुसत तशीच चहा टाकायला गेली, आणि मी मिक्सर बंद केला.

खाली उतरायचं राहून गेलं.

३

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "चला, बसायचं का?"

मला आनंद झाला. मिक्सरऐवजी टेबलफॅन लावला. तिने डोळे मिटले, आणि मी "सुटलो" म्हणायच्या आतच ती म्हणाली, "आले."

"अगं, निघू तरी दे."

"टाकीचं झाकण उघडं आहे," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"आपल्याच. गच्चीवरच्या. आणि तुम्ही तिथे काय करताय? बिनकामाचे उन्हात उभे."

"मी हा इथे बसलोय. हात कुणाचा धरलायस?"

"तो आहेच. पण तिथेही आहात. हात हलवताय मला."

मला वाटलं, शिकली. इतकी वर्षं माझ्या खोड्या सोसल्यावर कुणीही शिकेल. मी मनातून तिला शाबासकी दिली. गुडघे गेल्यापासून तिने गच्चीचा जिना चढलेला नाही, पण झाकणाचं काय, ते अंदाजाने कुणीही बोलेल. संध्याकाळी कपडे आणायला गेलो तेव्हा सहज टाकीकडे पाहिलं.

झाकण उघडं होतं.

मी ते बसवलं. तिथे उभा राहून, कशाला कोण जाणे, आभाळाकडे पाहिलं. वर कुणी नव्हतं. मग जरा इकडेतिकडे बघून मी हात हलवला, आणि स्वतःचीच लाज वाटून खाली आलो.

४

तळमजल्यावर मास्तर राहतात. शाळा सुटून जमाना झाला, पण समोर माणूस दिसला की अजून फळ्यावर लिहिल्यासारखे बोलतात. त्यांना मी शिडी धरायला लावली.

"कशासाठी चढायचं आहे, हे प्रथम स्पष्ट करा."

"जिन्याच्या टपावर चपला ठेवायच्यात."

"का?"

"पायात चावतात."

मास्तरांनी शिडी धरली. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा शिडी धरणं सोपं, एवढं शिक्षण त्यांचं झालेलं आहे. गच्चीच्या जिन्यावर जे छोटं छप्पर आहे, त्याचा माथा रस्त्यावरून दिसत नाही, गच्चीवरूनही दिसत नाही. वरूनच दिसेल. तिथे मी माझ्या जुन्या चपला शेजारी शेजारी ठेवल्या, विटेचा तुकडा टेकवून. घरात चकार शब्द काढला नाही.

दुपारी खुर्च्यांत बसलो. टेबलफॅन घुमायला लागला. तिचा हात माझ्या हातात होता. जरा गार, पण पंखा होता समोर.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"सगळं किती नीट आहे हो वरून," ती म्हणाली. "आपली गल्ली कंगव्याने भांग पाडल्यासारखी. आणि तुम्ही अजून तिथेच."

"आणखी?"

 मग तिच्या कपाळाला आठी पडली. घरातली एखादी वस्तू भलत्या जागी दिसली की पडते तशी.

"टपावर तुमची चप्पल कशी?"

मी तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. तरी मी म्हणालो, "चप्पल नाही, चपला. दोन आहेत."

"एकच आहे."

"अगं, दोन."

"दुसरी तुमच्या हातात आहे ना. तीच तर हलवताय."

मी तिला तिथेच सोडून गच्चीवर धावलो. या वयात मी धावत नाही, पण धावलो. शिडी लावली, धरायला कुणी नव्हतं, तरी चढलो. टपावर विटेचा तुकडा होता आणि एक चप्पल होती.

वारा असेल. मांजर असेल. शहाणा माणूस याच गोष्टी म्हणेल, म्हणून मीही त्या मोठ्याने म्हणालो. गच्ची रिकामी होती. दोरीवर कपडे वाळत होते, त्यातला एकही हलत नव्हता.

खाली आलो तर ती तशीच बसलेली, डोळे मिटून. चेहरा असा शांत, की मी तो लेकीच्या जन्मानंतर एकदाच पाहिला होता.

५

आता उलटंच झालं. आधी मी तिला बसवायचो, आता तीच खुर्चीत जाऊन बसलेली असायची. चहा निवायचा. कधी मी दुकानातून यायचो तर टेबलफॅन लागलेला आणि ही पट्टा बांधून बसलेली. हाक मारली की उत्तर यायचं, पण दर वेळी थोडं उशिरा.

मी स्वतःला समजावलं. वय झालं, डुलकी लागते. मग मला गॅसवाल्याचा दिवस आठवला. आम्ही वर गेलो होतो आणि उतरलो नव्हतो. खुर्च्यांच्या खेळात हे काय मनावर घ्यायचं? तरी मी ठरवलं, हिला एकदा रीतीने खाली आणायची.

"आज फक्त उतरायचं," मी म्हणालो. तिचे दोन्ही हात धरले. "हळूहळू. झाडं वर येतायत. मास्तरांचं टक्कल मोठं होतंय. जमीन आली. आलीस?"

उत्तर नाही.

"अगं, आलीस का?"

तिचे ओठ मिटलेले होते. हात गार होते आणि पंखा मी लावलेला नव्हता.

लिफ्टच्या भुयारात आवाज कसाही फिरतो. नवखा माणूस फसतो, पण आमच्या कानाला सवय असते. कोण कुठल्या मजल्यावरून बोलतंय ते आम्ही डोळे मिटून सांगतो. त्यावरच आमचा जीव टिकतो.

"आले," ती म्हणाली.

तो आवाज समोरच्या खुर्चीतून आला नाही. छताच्या वरून आला.

मग तिच्या हाताला ऊब आली, डोळे उघडले, आणि नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, "असे काय बघताय? पीठ लागलंय का तोंडाला?"

मला विनोद सुचला नाही. मी म्हणालो, "आपण ते हेलिकॉप्टर रद्द करू. मी लेकीला कळवतो, माझी कंबर धरली म्हणून."

"का?"

"मला भीती वाटते."

ती खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी असं काही बोललो की ती आधी शेवटाची वाट बघते. या बोलण्याला शेवट नाही, हे तिला उशिरा कळलं.

"माझी गेली आणि तुम्हाला लागली होय," ती म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावला. "वर गुडघे दुखत नाहीत हो. हलकं वाटतं. एकच वाईट आहे. तुम्ही खाली एकटे दिसता. सारखे हात हलवता, आणि मला तुमच्यापर्यंत यायला जिनाच सापडत नाही."

"मग जायचंच कशाला?"

"यावेळी तुम्ही बरोबर आहात ना. म्हणून." मग माझी बाही धरून, "याल ना? ऐनवेळी मला पुढे धाडून मागे नाही ना राहणार?"

मी म्हणालो, येईन. दुसरं काय म्हणणार? आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याबरोबर वर यायला तयार होती.

६

हेलिकॉप्टर उभं राहतं तिथे पत्र्याची एक शेड होती. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचं यंत्र, आणि भिंतीवर दरवाजाचा खटका कसा उघडायचा त्याचं चित्र. काउंटरवरच्या मुलीने आम्हाला एकेक करून वजनकाट्यावर उभं केलं. आमच्याबरोबर एक काडीसारखा तरुण होता, गळ्यात त्याच्यापेक्षा जड कॅमेरा.

मुलीने मनाशी हिशेब मांडला. "आजोबा पुढे पायलटशेजारी. आजी मागे."

"नाही," मी म्हणालो.

"आजोबा, तोल सांभाळावा लागतो. वजन बघून बसवतात. आणि पुढची जागा तर सगळे मागून घेतात."

"मला हिच्या शेजारी बसायचंय."

"भांडण झालं तरी मागे-पुढेच आहात, लांब नाही," ती हसून म्हणाली. हा माझा ठेवणीतला प्रकार होता आणि ती पोर तो माझ्यावरच वापरत होती. एरवी मी तिला सोडली नसती.

"बाळ," मी म्हणालो, "मी हिचा हात सोडणार नाही. तो माझ्या हातात राहील अशी कुठलीही जागा दे. सामानात बसव."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. ती उठली आणि पायलटशी बोलून आली. पोरसवदा पायलट स्वतः शेडमध्ये आला, आम्हा तिघांना नजरेने तोललं आणि म्हणाला, "कॅमेऱ्यासकट हा पुढे चालेल. तुम्ही दोघं मागे, पण मी सांगेन त्याच बाजूला."

आमच्या कानांवर हेडफोन चढले. पट्टे लागले, खरे. हिने बूट घट्ट केले, माझी कॉलर नीट केली. पंखा फिरायला लागला आणि पोटाखालून जमीन निघून गेली. लिफ्टमध्ये निघते तशीच, फक्त वरचा मजला नव्हता.

मी डोळे मिटणार नव्हतो आणि तिलाही मिटू देणार नव्हतो. पण ती मिटतच नव्हती. ती बोलत होती. हेडफोनमध्ये तिचा आवाज खरखरत येत होता. ते बघा मंडई, ते बघा लेकीचं ऑफिस, एवढंसं आहे आणि म्हणे वेळ नाही. तिचा हात गरम होता, घामेजलेला. जिवंत बाईचा, उत्साही बाईचा हात. मी इतके दिवस कशाला भ्यायलो होतो, असं वाटून मला हसू आलं.

पायलट म्हणाला, "आता डावीकडे वळतोय," आणि आख्खं शहर माझ्या बाजूच्या काचेत ओतलं गेलं.

मी आमची गल्ली ओळखली. कंगव्याने भांग पाडल्यासारखी. तिच्या टोकाला आमची गच्ची.

गच्चीवर एक माणूस उभा होता आणि आमच्याकडे बघून हात हलवत होता. त्याचं उभं राहणं मी ओळखलं. उजव्या खांद्यातून जरा कललेलं, पाना धरून धरून झालेलं. पण तो एकटा नव्हता. त्याच्या शेजारी एक बाई होती. तिने त्याचं कोपर धरलं होतं, आणि ऊन लागू नये म्हणून दुसरा हात कपाळावर आडवा धरून तीही वर बघत होती.

ती माझी बायको होती. याबद्दल मला शंका नाही. हिला मी गर्दीत पाठमोरी ओळखतो.

माझ्या हातातला हात तसाच गरम होता. मला फक्त मान वळवायची होती. मी वळवली नाही.

"आलीस?" मी विचारलं.

"आले," हेडफोनमध्ये, अगदी जवळून, ती म्हणाली. "दिसली का हो ती? बघा, आता एकटे नाहीत ते."

७

परत येताना बसमध्ये मी तिच्याकडे पाहिलं. नाकाच्या शेंड्यावर तीळ, भुवईत एक पांढरा केस, जो मी रोज उपटायला सांगतो आणि ती रोज नाही म्हणते. ती होती. दुसरं कोण असणार?

गल्लीत आलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मास्तर फाटकाशी उभे होते. आम्हाला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आपण आत्ताच वर गेलात ना? मी नमस्कारही केला. आपण उत्तर दिलंत." मग त्यांची नजर संशयी झाली. "काहीतरी नवीन चाळा दिसतो. या वयात. आणि वहिनी, आता आपणही सामील."

मान हलवत ते आत गेले. आयुष्यभर खोड्या काढल्या की हा एक तोटा होतो.

आमच्या खिडकीत दिवा होता. ताटं मांडल्याचा आवाज आला. मग एक माणूस काहीतरी सांगायला लागला, मधे थांबून, आवाज बदलून. वकिलाचा किस्सा होता. थांबायच्या जागा बरोबर माझ्या होत्या. शेवट आला आणि एक बाई हसली. तोंडावर हात ठेवून हसते तशी, म्हणजे अर्धं हसू बोटांतून गळतं.

मी खिशातून किल्ली काढली होती. हिने तिचा हात माझ्या हातावर ठेवला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "जेवू द्या त्यांना निवांत. दिवसभर उन्हात होते."

"आणि मग?"

"मग बघू. घाई काय आहे?"

फाटकाशेजारी कट्टा आहे, त्यावर आम्ही बसलो. तिने बुटांचे बंद सैल केले आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. डोक्याचं वजन नेहमीचंच होतं. मी ते मनातल्या मनात तोललं.

माझे सगळे विनोद वरच्याला पाठ होते. म्हणून मी हिला एक नवा सांगायला घेतला. कधीच कुणाला न सांगितलेला, बसल्या जागी रचत, पुढे काय होणार हे माझं मलाही माहीत नव्हतं. त्यात एक लिफ्टवाला होता आणि त्याची बायको जिना चढत होती. ती हसली. पहिल्यांदा हळू, मग मोकळी.

वर ताटांचा आवाज थांबला. बोलणं थांबलं. खुर्ची सरकली, आणि कुणीतरी ऐकायला खिडकीशी आलं. आमच्या पायांपुढच्या उजेडात त्याची सावली पडली, मग तिच्या शेजारी दुसरी.

मी गप्प झालो. हिने वर बघितलं नाही. माझे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले.

"पुढे सांगा," ती म्हणाली.